भीड आणि ब्रेक

मंडळी, आज आमच्याच गाडीवेड्या कंपूबद्दल थोडं कडवट लिहिणार आहे. राग आला तर येऊ दे.

ट्रॅक डेची तयारी सगळ्यांनी मिळून करायची, ही आमची आवडती परंपरा. इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा मद्रास ट्रॅक असो की कोइंबतूरचा २.१ किलोमीटरचा कारी, पुण्याहून जायचं म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. मग आधीचे दोन-तीन रविवार कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक, पाने, वडापाव आणि चहा. मजा असते, नाही कशाला म्हणू?

पण तिथे बोलणं कशावर होतं ते बघा. एक्झॉस्टच्या आवाजावर तासभर, अलॉयवर तासभर, स्टिकर कुठे लावायचा यावर तर भांडणंच. "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस?" हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. का? तर मित्राच्या गाडीला नावं कशी ठेवायची! भीड पडते. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती त्याहून वाईट कुणाची तरी बहीण आहे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ चं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच निकष १५५ वर येतो. ऑफिसला जाता-येता हा फरक कधीच कळत नाही. ट्रॅकवर मात्र दर लॅपला सरळ पट्ट्याच्या टोकाशी ब्रेकवर उभं राहावं लागतं, डिस्क तापत जाते आणि ऑइल उकळलं की त्यात वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणजे पाय थेट तळाला आणि गाडी तशीच पुढे!

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, "आयोजक तपासतातच की." तपासतात, पण काही मिनिटांत हेल्मेट, पट्टे, गळती बघणाऱ्या माणसाला तुमचं ऑइल किती वर्षांचं आहे ते कसं कळणार? दुसरं, "ज्याची गाडी, त्याची जबाबदारी." वा! वळणावर पुढे दुसऱ्याची गाडी असते, तिचं काय? शिवाय आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणजे खड्डा पडणार तो घरच्यांच्या खिशाला.

माझं स्पष्ट मत आहे, ज्या कंपूत "तुझी गाडी या वेळी ट्रॅकवर उतरणार नाही" असं तोंडावर सांगता येत नाही, त्याने एकत्र तयारी केली असं म्हणूच नये. ती सहल झाली.

उपाय साधा आहे. कुणीही स्वतःची गाडी तपासायची नाही, दुसऱ्याची तपासायची. ब्रेक पॅड किती उरलेत, व्हील नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळलेत का, बॅटरी हलते का, टायरला चिरा आहेत का. टायर कधी बनला हेही त्याच्यावरच चार आकड्यांत लिहिलेलं असतं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मालकाने फक्त पाने हातात द्यायचे, आणि शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा. नाही म्हणाला तर नाही. आपली गाडी पार्किंगमध्ये ठेवून मित्राच्या लॅपची वेळ घ्यायला कमीपणा कसला?

आणि आमच्या काका-मावशी मंडळींना एक विनंती. "कशाला हे धंदे?" असं विचारू नका, त्याने कुणी थांबत नाही. "ब्रेक ऑइल कधी बदललंस?" असं विचारा. उत्तर देताना पोरगं अडखळलं, तर किल्ली काढून घ्या.

असो. पुढच्या रविवारी मी दुसऱ्याच्या गाडीखाली असेन. ज्याला हे पटत नाही त्याने वडापाव खायला जरूर यावं, गाडी घेऊन येऊ नये.