शिक्षक तासावर, विद्यार्थी वाऱ्यावर

विद्यापीठांच्या भवितव्याची चर्चा सध्या मोठ्या उत्साहाने चालू आहे. श्रेयांकांची बँक, पडद्यावरची व्याख्याने, कृत्रिम बुद्धिमत्ता, कौशल्यविकास अशा शब्दांनी परिसंवादांची व्यासपीठे दुमदुमत आहेत. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारताना दिसत नाही. उद्याच्या वर्गात शिकवणार कोण, आणि त्या वर्गात बसणे परवडणार कोणाला?

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने, आणि तिच्यातून उच्च शिक्षण मिळते ते वरच्या वर्गांना, हा त्या निवेदनाचा रोख होता. पुढे हे दरवाजे उघडण्याचे काम चळवळींनी केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि ‘कमवा व शिका’ या मार्गाने शेतकऱ्यांची मुले महाविद्यालयापर्यंत पोचविली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरविले. विद्यार्थ्याच्या जगण्याप्रमाणे विद्यापीठाने आपले वेळापत्रक बदलावे, हा विचार त्यामागे होता.

इतिहासाचा क्रूर विनोद असा की, बहुजनांची मुले मोठ्या संख्येने महाविद्यालयात येऊ लागली आणि नेमक्या त्याच काळात सरकारने हात आखडता घ्यावयास सुरुवात केली. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा मिळाली. त्यातून जागा वाढल्या हे खरे. परंतु शिक्षण हा विकत घेण्याचा माल आहे, ही कल्पनाही त्याच वाटेने रुजली. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच सहाचा आकडा पुन्हा अवतरला. अर्धशतकाहून अधिक काळ जे उद्दिष्ट गाठले गेले नाही, त्याचा पुनरुच्चार म्हणजे धोरण नव्हे, ती कबुली आहे.

या आखडत्या हाताचा पहिला बळी म्हणजे शिक्षक. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि काम तासिका तत्त्वावर भागवायचे, ही रीत राज्यभर रूढ झाली आहे. नेट-सेट उत्तीर्ण झालेले, पीएच.डी. मिळविलेले तरुण तासागणिक मानधनावर राबतात. सुट्टीच्या महिन्यांत त्यांची मिळकत शून्य, पुढच्या वर्षी काम मिळेल याची शाश्वती नाही, आणि केलेल्या तासांचे मानधनही अनेकदा महिनोन्महिने रखडते. बांधकामावरील रोजंदारी मजूर आणि हा प्राध्यापक यांच्यात वर्गदृष्ट्या कितीसे अंतर उरले? मात्र हानी त्या एकट्याची होत नाही. तास संपताच दुसऱ्या गावची एस.टी. गाठणारा शिक्षक विद्यार्थ्याच्या शंकेला थांबू शकत नाही, आणि नेमणुकीसाठी संस्थाचालकाच्या तोंडाकडे पाहणारा शिक्षक निर्भयपणे शिकवू शकत नाही.

नव्या धोरणात सारेच त्याज्य आहे असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. लग्नामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटलेल्या मुलीला आधीच्या श्रेयांकांसह परत येता यावे, ही सोय चांगलीच आहे. परंतु एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी अशी बाहेर पडण्याची दारे ठेवली, तर प्रथम बाहेर कोण पडेल? ज्याच्या घरी चौथ्या वर्षाचा खर्च झेपत नाही, तोच. काल ज्याला गळती म्हणत, त्याला उद्या ‘निर्गमन’ म्हटले जाईल. नाव बदलल्याने दुःख बदलत नाही. परत येण्यासाठी शिष्यवृत्ती आणि वसतिगृह नसेल, तर परतीचे दार कागदावरच उघडे राहील.

तंत्रज्ञानाचीही गोष्ट अशीच आहे. ‘स्वयम्’सारख्या मंचावरून एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली. दुर्गम गावातल्या विद्यार्थ्याला नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकावयास मिळाले तर आनंदच आहे. पण शिक्षकाला जोड म्हणून यंत्र येणे वेगळे आणि शिक्षकाचा पगार वाचविण्यासाठी येणे वेगळे. पुरेशी तयारी न करता यंत्रावर भिस्त ठेवली की काय होते, हे मुंबई विद्यापीठाच्या २०१७ मधील संगणकीय उत्तरपत्रिका-तपासणीने दाखवून दिले. निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेरीस कुलगुरूंना पदावरून जावे लागले. आता तर निबंध आणि प्रकल्प यंत्र क्षणार्धात लिहून देते. गाइडे पाठ करून उत्तरे उतरविण्याची परीक्षापद्धती किती पोकळ होती, हे त्याने उघडे पाडले इतकेच. त्यावर उपाय पहारा वाढविणे हा नाही. लहान गट, समोरासमोर चर्चा, तोंडी परीक्षा, प्रत्यक्ष गावात आणि कारखान्यात जाऊन केलेला अभ्यास हाच उपाय आहे. आणि त्यासाठी शिक्षक कमी नव्हे, अधिक लागतील.

सरकारजवळ पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. परंतु २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह होता, आणि इच्छा असली की तिजोरी उघडते हेही त्याने सिद्ध केले. मात्र शुल्क माफ झालेली मुलगी ज्या वर्गात येते, तेथे शिक्षकच कायमचा नसेल, तर तिला प्रवेश मिळाला, शिक्षण नव्हे.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न परिसंवादांवर सोडून चालणार नाही. आपल्या तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि तासिकेवर किती, याची माहिती अधिकाराखाली मागणी करावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडून देतात. शेतकरी, कामगार आणि दलित घरांतील किती पदवीधरांची नावे त्या मतदारयादीत आहेत? ती नोंदविणे हे कंटाळवाणे काम आहे, पण विद्यापीठाचे भवितव्य जेथे ठरते तेथे बसण्याचा तोच मार्ग आहे. तासिका शिक्षकांचा लढा आणि विद्यार्थ्यांचा लढा हे दोन नाहीत, हे दोघांनाही पटवून द्यावे लागेल. फुल्यांनी विचारलेला हिशेब अजून पुरा झालेला नाही. फरक एवढाच की, ज्यांच्या वतीने त्यांनी तो विचारला, त्यांचीच मुले आज वर्गात बसली आहेत आणि दाराकडे पाहत शिक्षकाची वाट बघत आहेत.