आधी जंत, मग ॲलर्जी

मौद्यात हल्ली कुत्र्यांना ॲलर्जी होऊ लागली आहे. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर परवा एकजण दुसऱ्याला सांगत होता, ‘त्याले चिकनची ॲलर्जी हाय, भाऊ. दिलं का पातळ होते.’ कुत्रं केवढं, तर दोन महिन्यांचं. घरी येऊन पुरता आठवडाही झालेला नाही. निदान कोणी केलं, तर मोबाईलने.

आपल्याकडे पूर्वी कुत्रं शेतावर असायचं नाहीतर ओसरीवर. पोट बिघडलं की ते गवत चघळायचं, ओकायचं, बैलगाडीखाली पडून राहायचं. मग बरं व्हायचं किंवा व्हायचं नाही. पिल्लं मेली तर ‘नजर लागली’ म्हणून विषय संपायचा. तो काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही. आता एनटीपीसीची वसाहत झाली, हायवेच्या अंगाने लेआऊट पडले, घरांना गेटं आली आणि गेटच्या आत लॅब नाहीतर पग आला. पिल्लामागे खर्च करायची तयारीही आली. फक्त त्याच्या पोटाबद्दलचं आपलं ज्ञान एकदम ‘नजर लागली’वरून उडी मारून ‘ॲलर्जी’वर पोचलं. मधल्या पायऱ्या राहूनच गेल्या.

माझ्या भाच्याने नागपूरहून असंच लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं बुलेट. त्याचा पहिल्या आठवड्यातला एका दिवसाचा आहार असा होता: सकाळी म्हशीच्या दुधात भिजवलेली ग्लुकोजची बिस्किटं, दहाला उकडलेलं अंडं, दुपारी तूप घातलेला वरणभात, चारला शेजारच्या पोट्ट्यांनी दिलेले मुरमुरे, संध्याकाळी रश्श्यातून काढून धुतलेला कोंबडीचा तुकडा आणि रात्री दुकानातल्या पाकिटातले दाणे, कारण ‘विकत आणलंच आहे तर’. मध्यरात्री जुलाब सुरू झाले तेव्हा घरात प्रत्येकाकडे एकेक संशयित होता आणि प्रत्येकाचा संशयित दुसऱ्याने भरवलेला होता.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘शी आणली का?’ घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पिल्लू आणलं होतं, पाकीट आणलं होतं, पिल्लाचा वंशवृक्षसुद्धा आणला होता. ती तेवढी कोणी आणली नव्हती. ताजी शी झाकणाच्या स्वच्छ डबीत नेली की सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात, कॉक्सिडिया आणि जिआर्डियासारखे एकपेशीय उपद्रवी जीव सापडतात. ज्या तपासणीने निम्मा वाद मिटतो ती सगळ्यात स्वस्त असते, आणि तीच करायची लाज वाटते.

गोल जंत पिल्लाच्या पोटात बहुधा जन्माआधीच पोचलेले असतात. टोक्झोकारा जातीच्या जंतांच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत निपचित पडून असतात, ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांत उतरतात. अंकुशकृमी दुधावाटे येतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. अशा पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या आणि शी काळपट दिसते. म्हणून जंताचं औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांचं होईपर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा द्यायचं असतं. मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही. विकणारा ‘जंताचं दिलंय’ म्हणाला तर कधी, कोणतं, किती, हे लिहून घ्यावं. त्याला आठवत नसेल तर दिलेलं नाही असंच धरावं.

पट्टकृमीची गंमत वेगळी. त्याचे तुटलेले तुकडे शेपटीखालच्या केसांना चिकटून वाळले की तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात. आमच्या या धानाच्या तालुक्यात, जिथे कुत्रंही भातच खातं, तिथे ते कोणाच्या लक्षात यावेत? हा जंत पिसवेतून येतो. खाजवताना पिल्लू पिसू गिळतं आणि पोटात जंत वाढतो. पिसवांचा बंदोबस्त न करता नुसतं औषध पाजलं तर पुन्हा तेच. शिवाय टोक्झोकाराची अंडी मातीत टिकतात आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. पिल्लाची शी लगेच उचलणं आणि पोरांचे हात धुणं हेही या उपचारातच येतं.

दुधाचं प्रकरण जास्त नाजूक, कारण तिथे डॉक्टरांची गाठ आजीशी असते. ‘लेकराले दूध नाही तं काय देशीन?’ या प्रश्नाला घरात कोणाकडे उत्तर नव्हतं. उत्तर असं आहे की दुधातली साखर पचवणारा लॅक्टेज पिल्लाच्या आतड्यात आईचं दूध सुटू लागलं की कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं आणि जुलाब लागतात. यात ॲलर्जी कुठेच नाही. ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने एखाद्या प्रथिनाला शत्रू समजणं. इथे फक्त पचवायचं साधन अपुरं आहे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुप्पट स्निग्धांश आणि प्रथिनं असतात, त्यामुळे गाईचं दूध हा तसाही तिच्या दुधाला पर्याय नव्हे. दह्यात ही साखर थोडी कमी असते, काही पिल्लांना चमचाभर चालतं. आजीने शेवटी दह्यावर तडजोड केली, पण डॉक्टरांचं वय विचारून घेतलं.

आता ज्या गोष्टीत थांबून चालत नाही ती. पिल्लू ओकतंय, खात नाही, मलूल पडलंय आणि जुलाबाला घाण वास आहे किंवा रक्त आहे, तर तिथे ॲलर्जी, दूध, नजर यातलं काहीही बोलत बसू नये. तो पार्व्हो असू शकतो. हा विषाणू 1978 साली जगाला माहीत झाला आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पसरला. मांजरांच्या एका विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. तो आतड्याचं अस्तर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी बनवणारी मज्जा, दोन्हीवर एकदम चाल करतो. लहान पिल्लू त्या विषाणूने जितकं मरतं तितकंच अंगातलं पाणी आटल्याने मरतं. सलाईन वेळेत लागलं तर बरीच वाचतात. ‘उद्या पाहू’ म्हणणाऱ्या घरची वाचत नाहीत.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते. एकच का पुरत नाही? आईकडून आलेलं संरक्षण पिल्लाच्या रक्तात असतं तोवर ते लसीलाही निकामी करतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. मधली फट राहू नये म्हणून हा क्रम. ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणून पिल्लाला कन्हानच्या काठावर फिरवायला नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो, घरातल्या नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. पातळ केलेलं ब्लीच लागतं. ज्या अंगणात एक पिल्लू पार्व्होने गेलं तिथे महिन्याभरात हौसेने दुसरं आणलं जातं आणि तेही जातं. मग लोक म्हणतात, त्या घराला कुत्रं लाभत नाही.

नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय 1958 पासून आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही 2000 सालापासून नागपुरातच. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याला हेवा वाटावा इतकं हे आपल्याला जवळ आहे. तरी आपण आधी औषधाच्या दुकानात जाऊन माणसाची जुलाब थांबवायची गोळी मागतो. ती पिल्लाला स्वतःच्या मनाने देऊ नये. पोटात जंतू असेल तर तो बाहेर पडायची वाटच त्याने बंद होते, आणि काही जातींच्या कुत्र्यांना तर ती थेट विषारी ठरते.

बुलेटला जंत होते आणि दूध सोसत नव्हतं. औषध दिलं, दूध बंद झालं आणि काही दिवस मऊ शिजवलेला कणीचा भात आणि बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा. भाच्याला भाताची धास्ती होती, कारण ‘कुत्रं मांसाहारी असतं’ असं त्याने ऐकलं होतं. लांडगा असतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. माणूस शेती करू लागला तसं कुत्रंही त्याच्या ताटातलं पचवायला शिकलं. मौद्याच्या कुत्र्याला भात वर्ज्य असता तर ते इथे टिकलंच नसतं. मात्र भात-कोंबडी हे आजारपणातलं पथ्य आहे. वाढत्या लॅबला तेच महिनोन्महिने घातलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात. पोट सुधारलं की नेहमीचं खाणं आठवडाभरात हळूहळू वाढवत आणायचं.

ताटातलं पचवतं म्हणजे ताटातलं सगळं चालतं असंही नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. सावजी रश्शाला तर दोन्हींशिवाय जन्मच नाही. तुकडा धुतला तरी आत मुरलेलं तसंच राहतं. बेदाणे, चॉकलेट वर्ज्य. आणि तूप. संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो: कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भक्ती म्हणून ती गोष्ट थोर आहे. पण एकदम तुपकट खाल्लेल्या कुत्र्याला स्वादुपिंडाची सूज येऊ शकते आणि ती फार दुखते, तेव्हा पशुवैद्याने नामदेवांना वाटेतच हात जोडून थांबवलं असतं.

मग ॲलर्जी नसतेच का? असते. बुलेट पाचेक महिन्यांचा झाल्यावर कान खाजवू लागला, पंजे चाटून चाटून तांबूस केले, शी दिवसातून चार-पाचदा आणि मधूनच सैल. पिसवा नव्हत्या, गोचीड नव्हते, शीत जंत नव्हते. तेव्हा कुठे डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द निघाला, तोही ‘असू शकते’ या शेपटासह. कुत्र्यांच्या अन्नॲलर्जीवरचा 297 कुत्र्यांचा एक आढावा 2016 मध्ये निघाला. त्यात गोमांस 34 टक्के, दूधदुभतं 17, कोंबडी 15, गहू 13 असा क्रम आहे. भात पार तळाशी. कुत्र्याला जे नेहमी खायला मिळतं त्याचीच बहुधा ॲलर्जी होते, त्यामुळे त्या यादीत परदेशातल्या कुत्र्यांची ताटंच दिसतात. इकडच्या, बिस्किट-दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्यांची यादी वेगळी निघेल असा माझा कयास.

रक्त तपासून ही ॲलर्जी ठरवता येत नाही. तशा तपासण्या विकल्या जातात, पण भरवशाच्या नाहीत. ठरवायची एकच रीत: कुत्र्याने आजवर न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं, प्रथिनं बारीक तोडलेलं खास अन्न. किमान आठ आठवडे दुसरं काहीही नाही. पोटाची तक्रार दोन आठवड्यांत निवळू शकते, कातडीला जास्त वेळ लागतो. बुलेटच्या बाबतीत न खाल्लेलं प्रथिन शोधायला बसलो तेव्हा यादी फार लवकर संपली. कोंबडी, अंडी, मटण, मासे, पनीर, सोयावडी सगळं झालेलं. शेवटी ते महागडं खास अन्नच आणावं लागलं.

खरी कसोटी त्यापुढची. ‘काहीही नाही’ याचा अर्थ कुत्र्याला कळतो, कारण त्याला मिळत नाही. माणसांना कळत नाही. बिस्किट नाही म्हटलं तर टोस्टाचा तुकडा. टोस्ट नाही तर पोळीची कड. चवीच्या जंताच्या गोळीतसुद्धा मांसाचा अर्क असू शकतो. वहिनीने गेटवर पाटी लावली, दूधवाल्याला बजावलं, पोट्ट्यांना दमात घेतलं. फ्रिजवर वही टांगली: काय खाल्लं, शी कशी, किती खाजवलं. पहिल्याच आठवड्यात वहीत आजीच्या बारीक अक्षरात नोंद सापडली, ‘उपास सोडताना थोडा पेढा’. पहिल्यापासून सुरुवात.

आता खाज बरीच उतरली आहे, शी घट्ट आहे आणि डॉक्टर म्हणतात, एकेक जुना पदार्थ पुन्हा देऊन पाहा. एका वेळी एकच, दोन आठवडे. खाज परतली तर तो पदार्थ दोषी, नाहीतर कुत्र्याचं कान खाजवणं ऋतू बदलल्यानेही थांबलेलं असू शकतं. भाचा तयार नाही. ‘चांगलं चाललंय तं कायले पुन्हा खाजवू, मामा?’ असं त्याचं म्हणणं. बहुतेक घरं इथेच थांबतात, आणि कुत्रं जन्मभर कोंबडीला मुकतं ते कोंबडीवरचा आरोप कधी तपासलाच गेला नाही म्हणून. आमच्या घरी तूर्त मतं दोनास दोन अशी आहेत. आजी कोंबडी देऊन पाहायच्या बाजूची.