पाळणा आधी की सिनेमा?

मैत्रिणींनो, जत्रेतल्या पाळण्यावर भागायचं ते दिवस गेले. आता मुलांना 'राइड' हवी, तीही सिनेमातली! २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं, तिथे 'मिस्टर इंडिया'वर राइड काढली. सिनेमा १९८७ चा. मोगॅम्बो आपल्या ओळखीचा. पोरांना त्याचं काय?

अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये उलटं घडलं. समुद्री चाच्यांची बोट-सफर १९६७ ची, आणि तिच्यावरून सिनेमा निघाला २००३ मध्ये! म्हणजे छत्तीस वर्षं मुलं सिनेमाशिवायच त्या बोटीत बसली नि खूष झाली की! पुढे २००६ साली सिनेमातला जॅक स्पॅरो तिथे आणून उभा केला, ते काही मला पटलं नाही बाई. एवढं तिकीट काढायचं, तर सिनेमा न पाहिलेल्या सासूबाईंनाही मजा यायला हवी.

तुम्ही जाणार असाल, तर आदल्या रविवारी मुलांना सिनेमा घरीच दाखवून ठेवा.