उद्‌जनाची गाडी

२०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात पुण्यास एक नवी बस लोकांपुढे आली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद व केपीआयटी ही पुण्यातील कंपनी यांनी मिळून ती सिद्ध केली होती. असल्या गाडीच्या नळीतून धूर निघत नाही. निघते ते पाणी. हे ऐकून कोणीही हरखून जाईल आणि विचारील, ‘मग साऱ्याच गाड्या अशा का करू नयेत?’ माझे उत्तर ‘करू नयेत’ असे आहे. ते का, हे सांगतो.

ही गाडी हायड्रोजन वायूवर चालते. जुन्या मराठी पुस्तकांत त्यास ‘उद्‌जन’ म्हणत. उद म्हणजे पाणी. पाण्यास जन्म देणारा तो उद्‌जन. मला हा शब्द फार आवडतो, कारण या वायूचे सारे चरित्र त्यात आले आहे. गाडीत तो जाळावयाचा नसतो. इंधन-घटात एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका अंगास उद्‌जन येतो, दुसऱ्या अंगास हवेतील प्राणवायू. उद्‌जनाच्या अणूतील धनभारित कण पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना मात्र ती वाट बंद असते. त्यांना तारेतून वळसा घालावा लागतो, आणि हा वळसा म्हणजेच विजेचा प्रवाह. पलीकडे सारे एकत्र आले, की पाणी तयार होते. एक किलो उद्‌जनापासून सुमारे नऊ किलो पाणी! ही युक्ती नवी नव्हे. विल्यम ग्रोव्ह या वेल्समधील गृहस्थाने १८३९ मध्येच तसा घट करून पाहिला होता. आणि तो व्यवसायाने होता वकील. पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांना अशाच घटांनी वीज पुरविली, आणि त्यातले पाणी अंतराळवीर प्याले.

मग अडचण कोठे आहे? उद्‌जन विहिरीतल्या पाण्यासारखा आयता मिळत नाही. तो कशापासून तरी काढावा लागतो. आज जगात तो बहुतेक नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात, आणि ते करताना कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे धूर गाडीने सोडला नाही, तरी कारखान्याने सोडला. पाण्यातून विजेच्या साहाय्याने उद्‌जन काढता येतो खरा. पण एका किलोस पन्नासाहून अधिक युनिटे वीज लागते. तेवढ्यावर लहान मोटार सुमारे शंभर किलोमीटर जाते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर तशीच मोटार तीनशेच्या आसपास जाईल. शिवाय हा वायू अतिशय हलका. एक किलो उद्‌जन मोकळा सोडला, तर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी खोली तो जवळजवळ व्यापील. म्हणून मोटारीच्या टाकीत तो हवेच्या सातशे पट दाबाने कोंडावा लागतो.

‘बॅटरी भरावयास वेळ लागतो, उद्‌जन पाच मिनिटांत भरता येतो,’ असे काही जण म्हणतात. ते खोटे नाही. परंतु रात्रभर दारात उभ्या असणाऱ्या मोटारीस एवढी घाई कशाची? दूरवर अवजड माल नेणारे ट्रक व समुद्रातील जहाजे यांची गोष्ट निराळी. तेथे बॅटरीचेच ओझे फार होते. जर्मनीत २०१८ साली विजेच्या तारा नसलेल्या लोहमार्गावर उद्‌जनाची आगगाडी धावू लागली, तीही अशाच गरजेपोटी.

आपल्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लक्ष टन उद्‌जन स्वच्छ विजेपासून काढण्याचा त्यात संकल्प आहे. तो सारा मोटारींत ओतावा असे मला वाटत नाही. शेतात पडणाऱ्या युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी उद्‌जन. तो आपण आजही मुख्यतः नैसर्गिक वायूपासूनच काढतो. त्या कारखान्यांना बॅटरीचा काहीच उपयोग नाही. स्वच्छ उद्‌जनाचा पहिला वाटा त्यांचा असावा, दुसरा ट्रकांचा व जहाजांचा. उरला तर मोटारींचा.