वॉरंटीची कबुलायत



कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या पत्रकात कोकणातल्या प्रवासी गाड्यांचे रडगाणे कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, रडगाणे त्यांचे असले तरी चाल आपल्या ओळखीची आहे. बियाण्याच्या पिशवीपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत जे आपल्या वाट्याला येते, तेच रायगडच्या किनाऱ्यावर गाडीवाल्याच्या वाट्याला येते आहे.

तुमच्याकडे जशी काळी-पिवळी, तशी अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात सहा आसनी विक्रम आणि मिनिडोर. एसटी जिथे दिवसातून दोनदा जाते तिथे कोळणीची पाटी, शाळेची पोरे आणि दवाखान्यात निघालेले म्हातारे याच गाड्यांनी वाहिले. आता त्यांच्या जोडीला चारचाकी व्हॅन आल्या. चालवणारा बहुधा पाऊण-एक एकर भातखाचराचा धनी. खाचरावर पोट भरत नाही म्हणून त्याने फायनान्स कंपनीचे कर्ज काढले, बायकोचे डाग मोडून पहिला भरणा केला आणि गाडी दारात उभी केली. शेतीतून जगता येत नाही म्हणून बाहेर पडलेला तो आपलाच माणूस आहे.

त्याची कैफियत आम्ही ठिकठिकाणी ऐकली. कंपन्या निराळ्या, वर्कशॉप निराळे, पण गोष्ट एकच. गाडी घेऊन वर्ष होत नाही तोच इंजिन गरम होऊ लागते. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या जाळ्या खाल्लेल्या असतात, पाणी गळते, काटा वर चढतो, हेडचे गॅस्केट जाते, तेलात पाणी मिसळते आणि एके दिवशी इंजिन जाम होते. गाडी ओढून वर्कशॉपला न्यायची. मुरूडच्या माणसाला अलिबाग गाठायचे तरी पन्नास किलोमीटर. तिथे इंजिन उघडले जाते, मालकाच्या पाठीमागे. दोन दिवसांनी निरोप येतो: ‘तुमची हयगय आहे, वॉरंटीत बसत नाही.’ लेखी मागितले तर साहेब जेवायला गेलेले असतात. कर्जाचा हप्ता मात्र जेवायला जात नाही, तो ठरल्या तारखेला बरोबर येतो.

नकाराची कारणे ठरलेली आहेत. सर्व्हिस दोनशे किलोमीटर उशिरा केली. तेल बाहेरच्या गॅरेजात बदलले. माणसे जास्त भरली. गाडी धंद्याला लावली. आणि यातले काही सापडले नाही तर ‘झीज झाली’. रस्त्याचा दोष मात्र कोणाच्या कागदावर येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायचे काम २०११ साली सुरू झाले आणि पुढची दहा वर्षे उलटली तरी लोक खड्ड्यांतूनच जात राहिले. रस्ता सरकारचा, गाडी कारखानदाराची, हयगय तेवढी चालवणाऱ्याची!

आता अटी पाहा. ‘दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते’, अशी वॉरंटी या देशात वर्षानुवर्षे चालत आली. देशातली सर्वांत मोठी मोटार कंपनी मारुती, तिनेसुद्धा ती तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केल्याचे जाहीर केले ते जुलै २०२४ मध्ये. हिशेब करा. दिवसाला दीडशे किलोमीटर, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला ३,९०० किलोमीटर. चाळीस हजार किलोमीटर साडेदहा महिन्यांच्या आत संपतात. शहरातला साहेब रविवारी गाडी काढतो, त्याची वॉरंटी दोन वर्षे. पोटासाठी गाडी हाकणाऱ्याची साडेदहा महिने. आणि त्यातले महिना-दीड महिना गाडी वर्कशॉपात उभी राहिली तर तोही काळ वॉरंटीत मोजलेला असतो.

ज्या मातीत हे घडते आहे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना हा कागद नवा नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा संप आपल्यातल्या पुष्कळांना ऐकून माहीत असेल. १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, तिथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले आणि सहा वर्षे हाल सोसले. भांडण खंडाचे होते तसे कबुलायतीचेही होते. कबुलायत खोताने लिहायची, कुळाने अंगठा द्यायचा आणि वाद झाला की अर्थ खोतानेच सांगायचा. खोती कायद्याने १९४९ साली गेली. पण वॉरंटीचे कार्ड हातात घेऊन वाचा. लिहिणारा कारखानदार, सही करणारा गाडीवाला, दोष कोणाचा हे ठरवणारा कारखानदाराचाच मिस्त्री. कबुलायत यापेक्षा निराळी काय होती?

आपल्याला याची ओळख कापसाने करून दिली. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली तेव्हा ग्रेडर खरेदीदाराचा, काटा खरेदीदाराचा आणि गाडीखाली रात्र काढणारा शेतकरी. आजही केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की कापूस परत. यंत्र त्यांचे, आकडा त्यांचा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर झाले. त्यातले १६,००० रुपये बियाणे कंपन्यांनी द्यायचे होते. ते १६,००० कंपनीकडून किती जणांच्या हातात पडले, हे प्रत्येक जिल्हा बैठकीत हात वर करून सांगावे. मोजायला फार वेळ लागणार नाही.

कोणी म्हणेल, गाडीवालेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. सहाच्या जागी दहा माणसे कोंबतात, तेल वेळेवर बदलत नाहीत. खरे आहे, काही जण तसे करतात. तसे असेल तर कंपनीने ते दाखवून द्यावे. इंजिन मालकासमोर उघडावे, निकामी भाग त्याच्या हातात द्यावा आणि जादा माणसांमुळे हे गॅस्केट कसे गेले ते कागदावर लिहावे. आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा, हा चोराला मिळणारा न्याय आहे. तो गाडीवाल्याला का मिळू नये?

आणि कारखानदार तरी धुतल्या तांदळासारखे आहेत काय? तवेरा ही दहा माणसांची गाडी आपल्या सगळ्या रस्त्यांवर भाड्याने धावली. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सला २००५ ते २०१३ या काळात बनवलेल्या १,१४,००० तवेरा परत बोलवाव्या लागल्या. तपासणीच्या वेळी धूर कमी सोडणारी हेरलेली इंजिने बसवून गाड्या पास करून घेतल्याचे उघडकीला आले होते. तपासायला एक इंजिन आणि विकायला दुसरे! २०१७ अखेर कंपनीने या देशातली विक्रीच बंद केली. अमेरिकेतही ह्युंदाई आणि किया यांच्या थिटा-२ इंजिनांची बेअरिंगे जाऊन इंजिने बंद पडू लागली, तेव्हा मालक एकत्र होऊन कोर्टात गेले. २०१९ साली कंपन्यांनी तडजोड केली आणि त्या इंजिनांना कायमची वॉरंटी देणे मान्य केले. तिथला कारखानदार काही संत नाही. तिथला गिऱ्हाईक एकेकटा रडत बसला नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. ‘गाडी धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’, हे कंपनीच्या वकिलाचे आवडते वाक्य. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात देऊन ठेवले आहे. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा माणूस ग्राहकच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हेच लिहिले आहे. बियाणे घेणारा शेतकरीही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली सांगितले. शेतकरी सगळे बी पेरतो, तपासणीसाठी नमुना तो कुठून आणणार, हेही त्याच निकालात मान्य झाले.

बाहेरच्या गॅरेजचे म्हणाल तर २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. (या आयोगालाही सीसीआयच म्हणतात, पण आपला कापूस परत पाठवणारी सीसीआय ती नव्हे.) सुटे भाग बाजारात मिळू द्यायचे नाहीत आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी रद्द करायची, ही पद्धत आयोगाने चुकीची ठरवली. कंपन्या अपिलात गेल्या आणि वर्कशॉपच्या खिडकीवरचे उत्तर जसेच्या तसे राहिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम ११०-अ घातले गेले. पण ते माणसांच्या आणि पर्यावरणाच्या धोक्यापुरते आहे. इंजिन जाम होऊन धंदा बसला तर त्यात सरकारला धोका दिसत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. वॉरंटी नाकारायची तर कारणासह, लेखी आणि मराठीत नाकारा. इंजिन मालकासमोर उघडा. वाद झाला तर निवाडा कंपनीच्या मिस्त्रीने करायचा नाही. रायगडात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, जिल्ह्याजिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतने आहेत, तिथून अहवाल घ्या. गाडी वर्कशॉपात जितके दिवस उभी, तितके दिवस वॉरंटी वाढवा. भाड्याच्या गाडीला कोणत्या अटी लागू आहेत ते पैसे घेण्याआधी सांगा, इंजिन गेल्यावर नको. आणि कोणत्या गाडीची किती इंजिने वॉरंटीत गेली, याची यादी परिवहन खात्याने दरवर्षी छापावी. एकट्याचे इंजिन गेले तर त्याची हयगय म्हणता येते. शंभरांचे गेले की ती हयगय कारखान्याची ठरते.

मागण्या मान्य होईपर्यंत आपण करायचे ते हे. जॉबकार्ड, तेलाची पावती, सर्व्हिसचे पुस्तक, बियाण्याची पिशवी आणि टॅग जपून ठेवायचे. तक्रार तोंडी करायची नाही, पोस्टाने पोच घेऊन करायची. दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जायचे. नव्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते, कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आणि एकट्याने जायचे नाही. एकाच गाडीचे किंवा एकाच वाणाचे दहा मालक एका दिवशी दहा तक्रारी घेऊन गेले, म्हणजे साहेबांचे जेवण लवकर आटोपते.

किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यांशी आपले बोलणे सुरू आहे. येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने नाकारलेल्या वॉरंट्यांची यादी आणावी: ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, फवारणी पंप, काळी-पिवळी, जे असेल ते. माल कोणता, कधी घेतला, काय बिघडले, काय उत्तर मिळाले, एवढे चार रकाने पुरेत. चरीच्या कुळांनी कबुलायतीवर अंगठा द्यायचे थांबवले तेव्हा खोत बोलायला आला. आपणही न वाचता सही करायचे थांबवू या.