मोरचूद एक किलो, चुना किती?



जळगाव-धुळ्याकडे केळी आणि कापूस पुष्कळ. पण ज्यांची लिंबू-मोसंबीची बाग आहे, त्यांना बोर्डो मिश्रण नवे नाही. कृती तोंडपाठ असते : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. तरीही एखाद्या वर्षी फवारा मारला की कोवळी पालवी करपते. मापात तर चूक नव्हती, मग बिघडले कुठे?

किलोभर शेंगदाणे घ्या आणि किलोभर ज्वारी घ्या. वजन सारखे, पण ज्वारीचे दाणे कितीतरी जास्त. आता एका शेंगदाण्याला ज्वारीचा एक दाणा अशी जोडी लावायला बसलात, तर किलोभर ज्वारी लागेल का? मूठभरात काम भागेल.

रसायनांचेही तसेच. ती तराजू पाहून एकमेकांना भिडत नाहीत. कणाला कण लागतो. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते मोजायला शास्त्रज्ञांनी ‘मोल’ हे माप ठरवले. (किमतीचे मोल ते वेगळे!) केळ्यांचे डझन म्हणजे बारा, तसे एक मोल म्हणजे सहावर तेवीस शून्ये, सुमारे इतके कण. मोरचुदाचा एक मोल भरतो २५० ग्रॅम, कळीच्या चुन्याचा अवघा ५६. म्हणजे किलोभर मोरचुदात चार मोल, तर किलोभर चुन्यात जवळजवळ अठरा.

मोरचुदाच्या एका मोलाला चुन्याचा एक मोल पुरतो. चार मोलांचे झाले २२४ ग्रॅम, पाव किलोही नाही. मग किलोभर का सांगतात? बाजारातला चुना शुद्ध मिळेलच असे नाही म्हणून, आणि मोकळे तांबे मुळीच राहू नये म्हणून. चुना जास्त झाला तर फारसे बिघडत नाही. कमी पडला तर पान भाजते.

खरी फसगत जुन्या चुन्यात आहे. उघड्या पोत्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा खडूसारखा भुगा होतो. ५६ ग्रॅमचे १०० ग्रॅम होतात, तराजूत झुकते माप, पण मोरचुदाला त्याचा उपयोग नाही. म्हणून चुना घेताना कडक खडे पाहून घ्या, पीठ घेऊ नका.

तरी शंका राहिली तर घासून लख्ख केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून ठेवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. लोखंड विरघळले आणि त्याच्या जागी तांबे बसले, तेही मोलाला मोल. चुन्याचे गाळलेले पाणी थोडे थोडे घालून पुन्हा पाहा. पाते जसेच्या तसे निघाले की पंप भरा. मिश्रण मात्र लोखंडी बादलीत करू नका, प्लॅस्टिकच्या पिंपात करा आणि त्याच दिवशी संपवा.