शुभेच्छुकांचा खर्च कोणाच्या खाती?

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट मागे टाकून जो कासार आंबोलीच्या शिवारात शिरतो, आणि निवडणूक जवळ आली म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा उभे राहणारे फ्लेक्स जो लक्षपूर्वक वाचतो, त्याला एक गोष्ट खचित जाणवते: मध्यभागी मुखवटा भावी आमदाराचा, माथ्यावर छायाचित्रे पुढाऱ्यांची, आणि तळाशी 'शुभेच्छुक' किंवा 'सौजन्य' या एका शब्दाच्या आश्रयाने पैसा मोजणारा तिसराच कोणी. मुळशी तालुक्यातील हे गाव भोर विधानसभा आणि बारामती लोकसभा या मतदारसंघांत मोडते. तेथील उमेदवारांना अनुक्रमे ४० लाख व ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, आणि निकालापासून ३० दिवसांच्या मुदतीत त्यांना आपला जमाखर्च जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दप्तरी दाखल करावा लागतो. उमेदवाराच्या थैलीला अशी गाठ मारल्यावर, त्याच्या परस्पर मोकळ्या सुटलेल्या थैल्यांचे काय, हा माझा प्रश्न आहे.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. उमेदवाराच्या लेखी संमतीवाचून त्याच्या विजयासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा अन्य कोणत्याही मार्गाने खर्च करणे हा १९२० मध्ये भारतीय दंडसंहितेत दाखल झालेल्या कलम १७१-एच अन्वये अपराध होता, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ अन्वये आजही आहे. परंतु शंभराहून अधिक वर्षे त्याची शिक्षा ५०० रुपये दंड एवढीच होती. नव्या संहितेने ती १० हजारांवर नेली, तरी लक्षावधी रुपये उधळणाऱ्याच्या हिशेबात ती एक किरकोळ बाब होय. शिवाय या कलमाची भाषा उमेदवारास निवडून आणण्याच्या खर्चाची आहे. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची बदनामी करणारी निनावी चित्रफीत पैसे मोजून घरोघरच्या मोबाइलवर पोहोचविणारा इसम, आपण कोणालाच निवडून आणू पाहत नव्हतो, असे म्हणावयास धजतो.

ही फट अजाणता राहिलेली नाही. दिल्ली सदर मतदारसंघातील १९७१ च्या निवडणुकीसंबंधीच्या कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात, ऑक्टोबर १९७४ मध्ये, न्या. भगवती यांनी असा निर्णय दिला की, पक्षाने केलेल्या ज्या खर्चाचा उमेदवार जाणूनबुजून लाभ घेतो तो त्याच्याच खाती धरला पाहिजे. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला, पुढे संसदेने कायदा केला, आणि पक्ष, संस्था वा त्रयस्थ व्यक्ती यांचा खर्च उमेदवाराचा समजू नये, असे ठरून गेले. २००३ च्या दुरुस्तीने ही सवलत पक्षाच्या पुढाऱ्यांच्या प्रवासखर्चापुरती उरली खरी. पण मधल्या एकोणतीस वर्षांत जी सवय हाडीमासी खिळली ती दुरुस्तीने सुटली नाही, आणि पक्षांच्या स्वतःच्या खर्चावर तर आजही कमाल मर्यादा नाही.

अशा पैशाचा माग काढणे किती दुष्कर आहे, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २००९ च्या निवडणुकीत भोकरचे उमेदवार व तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर वृत्तपत्रांतून बातमीच्या रूपाने आला. ती बातमी की जाहिरात, आणि जाहिरात असल्यास खर्च कोणाचा, हा वाद पाच वर्षे चालला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाची सत्यता तपासण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मान्य केला, जुलैत आयोगाने चव्हाणांचा हिशेब सदोष ठरविला, आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. त्या निकालाचे गुणदोष चर्चिण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु तोवर त्या विधानसभेची मुदतच सरत आली होती, हे विसरता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: नागरिकाने स्वतःच्या पैशाने, कोणाला न विचारता, आपले मत मांडू नये काय? अवश्य मांडावे. इंग्लंडमध्ये त्रयस्थाच्या अशा खर्चावर पाच पौंडांचा निर्बंध होता, तो १९९८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बोमन खटल्यात अतिरेकी ठरविला. आणि आमच्या कलमात संमती मागाहून मिळविण्याची मुभा १० रुपयांपर्यंतच आहे, तीही तितकीच हास्यास्पद होय. आपल्या घराच्या भिंतीवर घोषणा रंगविणारा शेतकरी गुन्हेगार ठरू नये. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात कंपन्यांच्या स्वतंत्र खर्चावरील बंधने उठविली, त्या वाटेनेही आपण जाऊ नये; कारण तेथे मतस्वातंत्र्याच्या नावाने धनाढ्याचा आवाजच तेवढा वाढत जातो.

मधला मार्ग सरळ आहे. लहान खर्चाला पूर्ण मुभा असावी. ठरावीक रकमेवरील खर्च, मग तो स्तुतीचा असो वा निंदेचा, करणाऱ्याने आपल्या नावाने नोंदवावा, त्याचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्याच दप्तरी द्यावा, आणि त्यालाही मर्यादा असावी. छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ते असलेच पाहिजेत, हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ चा दंडक मोबाइलवरील जाहिरातीलाही तितक्याच कडकपणे लागू व्हावा. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पक्षनिधीची माहिती हा मतदाराचा हक्क मानला. तर मग उमेदवारासाठी परस्पर पैसा ओतणाऱ्याचे नाव कळणे, हाही हक्कच नव्हे काय?

शहर ज्याच्या बांधाला येऊन भिडले आहे, आणि जमिनीच्या एकेका गुंठ्यावर ज्याचे भवितव्य ठरते आहे, अशा मुळशी तालुक्याला या हक्काची निकड अधिक आहे. कारण परस्पर घातलेला मोठा पैसा पुष्कळदा खर्च नसून भांडवल असते, आणि त्याची वसुली परवान्यांतून व ठेक्यांतून, म्हणजे अखेर आपल्याच पदरातून, होण्याची भीती असते. आमच्या खेड्यांतून जत्रेची वर्गणी गोळा होते तेव्हा अकरा रुपये देणाऱ्याचेही नाव वहीत चढते, आणि जमाखर्च देवळात सर्वांसमक्ष वाचला जातो. देवाच्या पालखीला जो नियम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लावला, तो आमच्या प्रतिनिधीच्या निवडीला लावा, एवढीच मागणी आहे.